उत्साह ओसरतो, नेम टिकतो

(वजन कमी करण्यासाठी नित्य व्यायाम आणि युक्ताहार या विषयावर वाशी, जि. धाराशिव येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'वाशीला चाललो आहे' असे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले, की त्याच्या डोळ्यांसमोर नवी मुंबईची वाशी उभी राहते; तिथला घाऊक बाजार आणि खाडीवरचा पूल. आपली वाशी बालाघाटाच्या कुशीतली. इथे ज्वारी पिकते, तूर पिकते, आणि भूम-वाशीच्या या टापूतला खवा दूरदूरच्या मिठाईवाल्यांकडे जातो. असा खवा हाताशी असलेल्या गावात येऊन वजन कमी करण्यावर बोलायचे, हे वक्त्याचे धाडसच म्हणायचे!

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. व्यवसायाने पत्रकार आहे. कोणता पदार्थ किती ग्रॅम खावा, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि आजचा हेतूही तो नाही. काय करावे हे आपण सर्वजण जाणतोच. चालावे, तळलेले कमी खावे, गोड आवरावे, वेळेवर झोपावे. प्रश्न माहितीचा नाही. प्रश्न असा आहे, की दसऱ्याला किंवा एक जानेवारीला सुरू केलेला व्यायाम पुढच्या महिन्यात कुठे जातो? नवे बूट आणले जातात, पहाटेचा गजर लावला जातो, पंधरा दिवस रस्ते माणसांनी फुलतात आणि महिन्याभरात तेच रस्ते ओस पडतात. अशा माणसासाठी आपल्या भाषेने एक नेमका शब्द घडवून ठेवला आहे: आरंभशूर. आज मला बोलायचे आहे ते आरंभाबद्दल नव्हे, दुसऱ्या महिन्याबद्दल.

दुष्काळाच्या प्रदेशात लठ्ठपणा

मराठवाड्यात वजनाविषयी बोलताना थोडे मागे जावे लागते. १९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही आपल्यात आहेत. ज्या पिढीने खडी फोडून सुकडीवर दिवस काढले, तिला पोट सुटलेला माणूस सुखवस्तू वाटला तर नवल नाही. 'तब्येत सुधारली हो तुमची' असे आपण आजही कौतुकाने म्हणतो, आणि त्याचा अर्थ माणूस जाड झाला एवढाच असतो. भुकेच्या आठवणीतून आलेले हे कौतुक आज मात्र घातक ठरू लागले आहे.

राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीचे आकडे बोलके आहेत. २००५-०६मध्ये १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी १२.६ टक्के आणि पुरुषांपैकी ९.३ टक्के जणांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१च्या पाहणीत हेच प्रमाण स्त्रियांमध्ये २४ टक्के आणि पुरुषांमध्ये २२.९ टक्के झाले. पंधरा वर्षांत जवळजवळ दुप्पट, पुरुषांमध्ये तर त्याहूनही अधिक! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

हे केवळ शहरांचे चित्र नाही. आपल्याच गावाकडे पाहा. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले, दळण गिरणीत गेले, पाणी नळाने आले आणि शेताकडे जायला मोटारसायकल आली. यातील एकही गोष्ट वाईट नाही. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण अंगमेहनत गेली आणि अंगमेहनतीच्या काळातले ताट मात्र राहिले. त्या ताटाशेजारी फरसाणाची पुडी, बिस्किटांचा पुडा आणि थंड पेयाची बाटलीही येऊन बसली.

यात आपल्या शरीराचाही एक स्वभाव आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ग्रामीण माता-बालकांच्या दीर्घ अभ्यासातून तो जगापुढे मांडला. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी आपली ठेवण आहे. म्हणून 'मी कुठे जाड आहे?' असे आरशाला विचारून भागत नाही. शिंप्याकडची मोजपट्टी घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या पुढे आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या पुढे असेल, तर आजचे हे बोलणे आपल्यासाठी आहे असे समजा.

वारीत कोणी कंटाळत कसे नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नेम टिकतो कसा?

त्याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आषाढीच्या वारीकडे पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. साठी-सत्तरीची माणसे ते अंतर पायी कापतात. शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी तर त्याहून कितीतरी लांबून, आपल्या धाराशिव जिल्ह्यातून पुढे जाते. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर सोलापूरकडून आणि कर्नाटकातून आलेले भाविक रात्रभर चालताना आपण पाहतो. जो माणूस एरवी दुकानापर्यंत गाडी काढतो, तोच तिथे दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो. श्रद्धा हे त्याचे पहिले कारण आहे, यात शंका नाही. पण श्रद्धेला एक व्यवस्थाही लाभलेली आहे आणि आपण शिकायचे आहे ते त्या व्यवस्थेकडून.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, निघण्याची वेळ ठरलेली, विसाव्याचे आणि मुक्कामाचे ठिकाण ठरलेले. 'आज चालावे का?' हा प्रश्न वारकऱ्याला रोज सकाळी पडत नाही. तो निर्णय घर सोडतानाच एकदा घेतलेला असतो. दुसरी गोष्ट सोबतीची. पाय दुखले तरी मागचा-पुढचा चालतो आहे म्हणून आपणही चालतो. एखादा दिसला नाही, तर 'अमके कुठे राहिले?' अशी चौकशी होते. तिसरी गोष्ट आनंदाची. मुखी अभंग आणि हाती टाळ असला की अंतर जाणवत नाही. चौथी गोष्ट टप्प्यांची. सकाळी निघालेला वारकरी त्या दिवशीच्या मुक्कामाचा विचार करतो. अडीचशे किलोमीटरचा धसका घेत नाही.

ठरलेली वेळ, सोबत, आनंद आणि छोटा टप्पा. नेमाचे हे चार खांब आहेत. आपला व्यायाम बंद पडतो तेव्हा यांपैकी एखादा खांब नसतो. आपण एकटेच निघतो, वेळ 'जमेल तेव्हा' अशी ठेवतो, न आवडणारा व्यायाम निवडतो आणि पहिल्याच आठवड्यात दहा किलो कमी करण्याचा संकल्प सोडतो. मग दोष इच्छाशक्तीला देतो. रोज सकाळी मनाला विचारून व्यायाम करणारा माणूस फार दिवस टिकत नाही, कारण मन बहुतेक सकाळी 'नको' असेच म्हणते.

दोन उदाहरणे

व्यायाम ही कोणाला उसनी आणावी लागलेली गोष्ट नाही. आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे सांगतो.

लोकमान्य टिळक १८७३मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. त्यांना वजन घटवायचे नव्हते, शरीर कमवायचे होते. त्यांनी पहिले वर्ष परीक्षेऐवजी तालीम, पोहणे आणि नाव वल्हवणे यांना दिले. पुढे काय झाले, ते आपण जाणतो. तुरुंगवास, मधुमेह, प्रवास आणि खटले या साऱ्यांचा भार त्याच शरीराने वाहिला. मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासात मधुमेहाचे पथ्य सांभाळत त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. आपण मात्र भोवती सर्व अनुकूलता असताना 'वेळ मिळत नाही' असे म्हणतो.

दुसरे उदाहरण औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे. तरुणपणी त्यांना त्या काळी जगभर गाजलेल्या सँडोच्या व्यायामपद्धतीचे आकर्षण होते आणि त्यांनी ती साधने मागवूनही घेतली होती. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि उतारवयापर्यंत त्यांनी तो नेम सोडला नाही. संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली आणि राजवाड्यातील स्त्रियांनाही त्यात सहभागी करून घेतले. १८६८मध्ये जन्मलेले पंतप्रतिनिधी १९५१पर्यंत जगले. आपल्यासाठी यातील बोध साधनांचा आहे. सूर्यनमस्काराला लागते सतरंजीएवढी जागा. पावसाळ्यात, परगावी किंवा लग्नाच्या गर्दीतही तो नेम चुकत नाही. ज्या व्यायामाला साधन कमी लागते, त्याला सबबही कमी सापडते.

बळाच्या निम्मा व्यायाम

आपल्या आयुर्वेदाने एक फार शहाणा नियम सांगितला आहे. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्माच करावा. कपाळावर घाम आला, श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की थांबावे. चरकसंहितेने अतिस्थूल माणसाचे स्वतंत्र वर्णन केले आहे, आणि कारणे सांगताना जड-गोड आहार, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांवर बोट ठेवले आहे. ही कारणे आजच्या डॉक्टरांच्या यादीहून फारशी वेगळी नाहीत.

आरंभशूर नेमका इथेच चुकतो. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पळतो, दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी 'व्यायाम मला मानवत नाही' असे जाहीर करतो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चाला. इतके थोडे, की न करण्याची लाज वाटावी. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटे. असे करत दीड-दोन महिन्यांत अर्ध्या-पाऊण तासापर्यंत या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस किमान अर्धा तास. बोलता यावे पण गाता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण. आठवड्यातून दोन दिवस त्याला नमस्कार, बैठका किंवा जोर यांची जोड द्या. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत यासाठी ती आवश्यक आहे.

सवय किती दिवसांत जडते? एकवीस दिवस, असे आपण ऐकतो. लंडनमधील एका विद्यापीठात ९६ जणांवर यासंबंधी अभ्यास झाला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला अडीचशेहून अधिक लागतील असे दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. त्या अभ्यासातील एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. सवय मोडते ती 'काल चुकलेच, आता कशाला' या विचाराने. म्हणून एक नियम पाळा: एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. घरी मयत, पेरणी, मुलांच्या परीक्षा, पाहुणे हे सगळे येणारच. त्या दिवशी पाच मिनिटे अंगणात चाला, पण नेमाची ज्योत विझू देऊ नका.

नवा नेम जुन्या नेमाला बांधावा, ही आणखी एक युक्ती. आपल्या दिवसात काही गोष्टी न चुकता होतातच. सकाळचा चहा, देवपूजा, दूध घालायला जाणे, मुलांना शाळेत सोडणे. त्यांपैकी एकीच्या पुढे-मागे व्यायाम ठेवा. 'पूजेआधी बारा नमस्कार' हे लक्षात राहते. 'सकाळी केव्हातरी' हे राहत नाही.

ताटातला हिशेब

व्यायाम कितीही केला तरी ताट न आवरता वजन उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एक साधा हिशेब मांडतो. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. दिवसाला पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो, वर्षाला अठरा किलो! पन्नास ग्रॅम साखरेचे उष्मांक होतात दोनशे. सत्तर किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर साधारण सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे सकाळी घाम गाळून जे मिळवले, ते संध्याकाळपर्यंत कपबशीत बुडाले. चहा सोडू नका. चमचा अर्धा करा आणि पाचाचे तीन करा.

तेलाचेही तसेच. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे तेहतीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीनशे उष्मांक केवळ तेलाचे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये घरातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तवंग हवाच, हे मला मान्य. पण तो रोज हवा का?

भाकरीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ज्वारी खाल्ली की वजन उतरते, असे नव्हे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील उष्मांकांत फार मोठा फरक नाही. भाकरीचा गुण वेगळा. तिला तेल लागत नाही, ती चावून सावकाश खावी लागते, आणि सोबत पालेभाजी, वरण, मटकी किंवा हुलग्याचे माडगे असले की पोट लवकर भरते. तीन भाकरींच्या दोन करा आणि मोकळ्या जागी भाजी, डाळ, काकडी, टोमॅटो वाढा. आपल्याच शेतातली तूर आपल्या ताटात वाढवा. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा यांचा डोंगर रचून 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण खरी करू नका.

इथे एका वादाचाही उल्लेख केला पाहिजे. शेजारच्या लातुरात वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन, दिवसातून दोनच वेळा जेवण आणि रोज पाऊण तास चालणे अशी पद्धत मांडली. ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. दुसरीकडे मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी ठरावीक अंतराने थोडे थोडे आणि पारंपरिक अन्न खावे, असे सांगितले. काही काळ मराठी घरांत या दोन मतांचे जणू दोन तट पडले होते. सासू दोनदा जेवणारी, सून दर दोन तासांनी खाणारी!

सामान्य माणसाने काय करावे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. प्रत्येक गटात मात्र भरपूर उतरलेलेही होते आणि वाढलेलेही होते. माझ्या मते यातून एकच गोष्ट घ्यायची. जी पद्धत आपल्या घरात, आपल्या कामाच्या वेळांत दहा वर्षे पाळता येईल, तीच आपल्यासाठी उत्तम. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते. हृदयरोग किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनीही सल्ला घेऊनच व्यायाम सुरू करावा. २०२५पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतात विकली जाऊ लागली आहेत. त्यांचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. पण औषध थांबल्यावर बहुतेकांचे बरेचसे वजन परत येते, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे तिथेही नेमाला पर्याय नाहीच.

काटा हलत नाही तेव्हा

दुसऱ्या महिन्यात नेम मोडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वजनाचा काटा. सुरुवातीला वजन भराभर उतरते, कारण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे ते अडते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. रोज तीनशे उष्मांकांची बचत केली तरी किलोभर उतरायला जवळजवळ महिना लागणार. जे वजन दहा-पंधरा वर्षांत चढले, ते दहा दिवसांत उतरावे अशी अपेक्षा धरणे हाच मुळात अन्याय आहे.

शिवाय काटा सगळे सांगत नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांवर तीन वर्षांचा एक अभ्यास झाला. तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणे आणि आहार सांभाळला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरलेले नव्हते! काटा जागचा हलला नाही, तरी शरीराच्या आत लाभ होत होता. म्हणून रोज काट्यावर उभे राहू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करा. महिन्यातून एकदा कंबर मोजा. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, व्यायाम झाला त्या दिवशी एक खूण करा. वजन आपल्या हातात नसते, खूण आपल्या हातात असते.

घरातल्या बाईचा अर्धा तास

भगिनींनो, आणि विशेषतः बंधूंनो, आता जे सांगतो ते या विषयातील सर्वांत महत्त्वाचे आहे.

कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून झालेल्या एका अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा पुरुषांमध्ये १२ टक्के, तर स्त्रियांमध्ये तब्बल ४० टक्के आढळला. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार पुरेशी शारीरिक हालचाल न होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण भारतात पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईबद्दल हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण दमणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. ती पहाटे उठते ती डब्यासाठी. सर्वांचे झाल्यावर जेवते. उरलेले टाकवत नाही म्हणून दोन घास जास्त खाते. आणि संध्याकाळी एकटी फिरायला निघाली तर 'कुठे निघालीस?' असा प्रश्न तिलाच विचारला जातो.

पुरुषाच्या व्यायामासाठी घर शांत राहते. बाईच्या व्यायामासाठी कोणीतरी उठून चहा करावा लागतो. तेवढे आपण करणार का? रोजचा अर्धा तास घरातल्या बाईच्या नावाने राखून ठेवा. त्या वेळी गॅसजवळ दुसऱ्याने उभे राहावे. गल्लीतल्या चार-पाच जणी एकत्र निघाल्या की प्रश्न विचारणारेही गप्प होतात, आणि गप्पांत अंतरही सरते. ताटाचा निर्णय जिच्या हातात आहे, तिचा नेम लागला की साऱ्या घराचा लागतो.

आग्रह बदलू या

शेवटी समाजाविषयी. मराठवाड्याचा आग्रह प्रसिद्ध आहे. पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्याच्या ताटात एक बुंदीचा लाडू अधिक पडतो, आणि नको म्हटले तर यजमानाला अपमान वाटतो. पथ्य पाळणाऱ्याची पहिली हार बहुधा अशा पंगतीतच होते. आपण आग्रह सोडू नये. त्याची दिशा बदलावी. 'आणखी एक घ्या' याऐवजी 'उद्या सकाळी सहाला चौकात या, सोबत चालू' असा आग्रह करावा. पथ्य पाळणाऱ्याची चेष्टा करू नये. 'आता काय मॉडेल होणार का?' अशा एका वाक्याने महिन्याभराचा नेम मोडलेला असतो.

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, रोज एकत्र येण्याचे बळ काय असते, हे या सभेतील अनेकांना मी सांगण्याची गरज नाही. तेच बळ इथे लावा. भाषण संपले की घरी जाऊ नका, थोडे थांबा. आपल्या गल्लीतली तीन माणसे इथेच शोधा. उद्याची वेळ आणि जागा ठरवा. चौघांपैकी जो येणार नाही, त्याच्या दारावर उरलेल्या तिघांनी थाप मारायची. पहिल्या आठवड्यात केवळ दहा मिनिटे, इतकेच. आजपासून सदुसष्टाव्या दिवशी आपण चौघे त्याच चौकात उभे असाल, तर वजनाच्या काट्याला विचारायचीही गरज उरणार नाही.